अँटेनाचा खड्डा

आपण आता परत जाणार नाही, हे वाक्य आमच्या घरात कुणी कधी उच्चारलं नाही. मला ते एका खड्ड्यावरून कळलं. तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार फूट खोल असा तो खड्डा नवऱ्याने मागच्या अंगणात अँटेनासाठी खणला होता, आणि खणताना मला विचारलं नव्हतं.

त्याआधी आमच्या घरात एका शब्दाचं राज्य होतं. शब्द होता 'सध्यापुरतं'. साताऱ्याहून निघताना मी आईला पाच वर्षांचा वायदा केला होता. लग्नात मिळालेली पितळेची भांडी एका ट्रंकेत भरून तिच्या माळ्यावर ठेवली आणि बजावलं, "कुणाला वापरायला देऊ नकोस, मी आलेच." पाचाची सात वर्षं झाली, मधे मुलगी झाली. मग नवा वायदा ठरला, मुलगी मिडल स्कूलला जायच्या आत परत. हे काही आमचं एकट्याचं शहाणपण नव्हतं. ओहायोतल्या कोलंबस शहराच्या मराठी मंडळात प्रत्येकाचं परत जायचं वर्ष ठरलेलं असे आणि दर पिकनिकला ते थोडं पुढे सरकलेलं असे. कुणी कुणाला हसत नसे, कारण हसणाऱ्याचंही सरकलेलंच असायचं.

कोलंबसला लागून असलेल्या डब्लिन गावातलं आमचं घरसुद्धा आम्ही सध्यापुरतंच घेतलं होतं. पडद्यांच्या जागी माझ्या दोन जुन्या साड्या होत्या. अंगणात झाड लावायला बंदी होती, कारण सफरचंदाला फळ धरायला काही वर्षं लागतात आणि तेव्हा आपण इथे असणार कुठे? मेथी-कोथिंबीर तेवढी चालायची. टीव्ही, टोस्टर, इस्त्री, काहीही आणलं तरी त्याचा खोका टाकायचा नाही, परत जाताना सामान भरायला लागेल. तळघरात खोक्यांची एक भिंतच उभी राहिली होती. आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणजे माझा मिक्सर. तो मी शिकागोच्या देशी दुकानातून हौसेने घेतला, पण घेतला दोनशेवीस व्होल्टचा. म्हणजे साताऱ्यात चालणारा आणि ओहायोत न चालणारा. तो कपाटात बसून राहिला आणि मी अमेरिकन ब्लेंडरमध्ये चटणी वाटत राहिले. त्यात चटणी होत नसे, चटणीचं सरबत होई. ते सरबत आम्ही वर्षानुवर्षं पोळीबरोबर खाल्लं.

अशा घरात नवऱ्याने एका सहकाऱ्याकडून जुना सीबी रेडिओ आणला. हायवेवरचे ट्रकवाले एकमेकांना पोलिस कुठे उभे आहेत ते सांगतात, तो हा रेडिओ. नवरा पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर. ऑफिसला जायला त्याला बारा मिनिटं लागायची आणि वाटेत पोलिस म्हणून नसायचे. पण रेडिओवर प्रत्येकाला टोपणनाव घ्यावं लागतं, तर ह्याने एका हिंस्र जंगली प्राण्याचं नाव घेतलं. शेजारच्या अमेरिकन आजोबांचा म्हातारा कुत्रा कुंपणाजवळ आला तरी हा चार पावलं मागे सरकायचा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

एका थंडीतल्या दुपारी त्या रेडिओवर ट्रकवाल्यांच्या गोंगाटातून अचानक एक ऑस्ट्रेलियन माणूस बोलला. त्याच्याकडे म्हणे चांगलंच उकडत होतं. तिथे आमच्या संसाराची दिशा बदलली. नवऱ्याने मला समजावलं की सूर्यावर डाग वाढले की वरचं आकाश आरशासारखं होतं, आणि एवढ्याशा रेडिओचा आवाज त्यावर आपटून हजारो मैल लांब जाऊन पडतो. मात्र साध्या अँटेनाने तो चारी दिशांना सांडून वाया जातो. टॉर्चचा झोत जसा एकीकडे टाकतो तशी, एकाच दिशेला पाहणारी अँटेना हवी. आणि ती विकत घ्यायची नाही, आपण करायची.

ह्यात एक बारीकशी अडचण होती. सीबीवर दीडशे मैलांच्या पलीकडे बोलायला कायद्याने बंदी होती. रिकाम्या रस्त्यावर स्टॉप साइन दिसली तर मनातल्या मनात तीन आकडे मोजून मग गाडी काढणारा हा माणूस. आयुष्यात त्याने एवढाच एक कायदा मोडला, पण मोडला तो दहा हजार मैलांनी.

"आपल्याला डिपोर्ट करतील अशाने," मी म्हटलं.

"अगं, सगळेच करतात. एन्जॉय कर ना यार."

डिपोर्ट करतील ह्याची भीती मला खरंच वाटली. मग रात्रीची भांडी घासताना लक्षात आलं की डिपोर्ट केलं तर थेट घरीच पाठवतील. मीच फोन करून कळवावं की काय, असाही विचार एकदा मनात येऊन गेला.

पहिली अँटेना बांबूची होती. गालिच्यांच्या दुकानात गालिचे बांबूवर गुंडाळून यायचे. तिथल्या माणसाला गोड बोलून ह्याने माणसाहून थोडे उंच असे आठ बांबू मिळवले. चार-चार बांबूंच्या दोन फुल्या केल्या, प्रत्येक फुलीच्या टोकांवरून तांब्याची तार फिरवून नऊ-नऊ फुटांचा चौकोन केला, आणि दोन्ही चौकोन एकामागे एक खांबावर चढवले. लहानपणी आकाशकंदील करताना बांबूच्या कामट्या सुतळीने जशा बांधायचा, तशाच गाठी ह्याने मारल्या. माप चुकू नये म्हणून आधी कोपऱ्याचा आराखडा पुठ्ठ्यावर कापला. तो पुठ्ठा माझ्या टीव्हीच्या खोक्याचा होता, हे मला दोन दिवसांनी कळलं.

लग्नात मी ह्याला 'अहो' म्हणत होते. अमेरिकेत आल्यावर तिसऱ्या महिन्यात 'अरे' झालं, आणि 'अहो' फक्त भांडणापुरतं शिल्लक उरलं. त्या दिवशी मी "अहो, टीव्ही परत कशातून न्यायचा?" असं विचारलं. त्याने दोन दिवस निमूटपणे पडेल ते काम केलं.

अँटेना फिरवायची सोय अशी होती. खांबाच्या खालच्या बाजूला ह्याने जुन्या सायकलचं हँडल बसवलं होतं. हा तळघरात रेडिओपाशी बसणार आणि मी अंगणात हँडल धरून उभी राहणार. तळघराच्या खिडकीतून आरोळी यायची, "थोडं डावीकडे! अजून! गेलं, गेलं, परत आण!" शेतांवरून येणारं वारं, अंगावर साडी, वर कोट, पायात स्नो बूट, आणि हातात सायकलचं हँडल. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या हमखास हळू व्हायच्या. दिवाळीत मी त्या खांबावर खरा कंदीलही टांगला, तेवढीच त्या लाकूडफाट्याला शोभा.

पहिलं दीड वर्ष रविवारी सकाळी मला एकच हुकूम असायचा, अँटेना बरोबर पूर्वेला कर. पूर्वेला म्हणजे भारताकडे. ह्याला कुणी आपला माणूस सापडायला हवा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही. पूर्वेकडून स्पेनची, पोर्तुगालची, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवरची माणसं बोलायची आणि आपलं नाव-गाव छापलेली कार्डं टपालाने पाठवायची. भारतातून कुणी म्हणजे कुणी बोलत नसे.

कोडं सोडवलं शेजारच्या आजोबांनी. ते विजेच्या खांबांवर चढून तारा ओढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले, बोलायला कंजूष. एकदा ते नातवंडांचा पृथ्वीचा गोल आणि एक दोरा घेऊन आले. दोऱ्याचं एक टोक ओहायोवर धरलं, दुसरं मुंबईवर, आणि दोरा ताणला. तो पूर्वेला गेलाच नाही. ग्रीनलंडवरून, उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रावरून, रशियावरून खाली उतरला. भारत आमच्या उत्तरेला होता, किंचित पूर्वेकडे. आमच्या गॅरेजच्या भिंतीपलीकडे.

दोन इंजिनिअरिंगच्या पदव्या घेतलेला माणूस भिंतीवरचा नकाशा बघून अँटेना लावत होता, ह्यावर मी पुढची पाच वर्षं त्याला चिडवलं. पण मनातून मलाही धक्का बसला होता. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला होती. रोज सकाळी चहा ठेवताना मी तिथून बाहेर बघायची आणि आई आत्ता दिवा लावत असेल असं मनात म्हणायची. म्हणजे इतकी वर्षं मी उसासेसुद्धा चुकीच्या दिशेला टाकत होते!

त्यानंतर अँटेना उत्तरेला, किंचित पूर्वेकडे अशी राहिली. तिकडूनही भारत काही बोलला नाही. मंडळातल्या एका काकांनी सांगितलं की तिकडे हा रेडिओ कुणी वापरतच नाही, तर बोलणार कोण? तरी नवरा रविवारी सकाळी थोडा वेळ तिकडे हाका मारायचा, आधी इंग्रजीत, मग हळूच मराठीत. "कुणी आहे का?" असं तो विचारायचा. मी वर पोहे करत असायची आणि ते ऐकून मला बरं वाटायचं. जोवर ह्याची अँटेना तिकडे बघते आहे तोवर आपलं परत जायचं नक्की आहे, असा मी माझ्यापुरता अर्थ काढला होता.

बांबूच्या त्या सांगाड्याला दर हिवाळा जड जायचा. तारांवर बर्फ धरलं की बांबू मोडायचे. खांब तर दर वसंतात तिरका झालेला असायचा. आजोबांनी कारण सांगितलं. इथली जमीन थंडीत गोठते आणि फुगते, आणि वरवर रोवलेलं सगळं बाहेर ढकलून देते. टिकायला हवं असेल तर जमीन गोठते त्याच्याही खाली जायला हवं. नवऱ्याने ते ऐकून घेतलं आणि खांब पुन्हा दीड फुटावरच ठोकला. सध्यापुरतं एवढं पुरे होतं. मग सूर्यावरचे डागच कमी झाले, आकाश दोन-तीन वर्षं मुकं झालं, आणि शेवटचे बांबू मी घेवड्याच्या वेलांना दिले.

मुलगी पाचवीत गेली त्या वर्षी डाग परत आले. पुढच्या वर्षी तिची मिडल स्कूल, म्हणजे आमचा वायदा भरत आलेला. घरात त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. नवरा तळघरात ॲल्युमिनियमचे पाईप कापत बसायचा. ही अँटेना तीन आडव्या दांड्यांची होती, सतरा-अठरा फुटांच्या, आणि इतकी देखणी की मलाही हात लावून बघावासा वाटला. ती कशावर बसणार हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी मी मुलीला शाळेच्या बँडच्या तालमीला सोडून, भाजी घेऊन घरी आले. मागच्या दाराशी मातीचा ढीग होता. नवरा छातीपर्यंत जमिनीत उभा राहून फावडं मारत होता. आजोबा काठावर उभे राहून लोखंडी सळयांचा पिंजरा बांधत होते.

"अहो," मी म्हटलं, "हे काय आहे?"

तो शब्द ऐकून त्याने फावडं थांबवलं. आजोबांना मराठी येत नव्हतं, पण तेही आपल्या घरी पाणी प्यायला गेले.

"टॉवरचा बेस. चाळीस फुटी टॉवर मिळालाय, जुना. अगं, रिअली गुड कंडिशन..."

"किती खोल?"

"चार फूट."

"आणि ह्यात काय घालणार?"

"काँक्रीट. दोन वाजता ट्रक येतोय." मग तो घाईघाईने म्हणाला, "टॉवर काढता येतो. नंतर विकता येतो."

"टॉवर येतो. काँक्रीट?"

तो फावड्याला चिकटलेली माती काढायला लागला.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका. सरळ सांगा."

"मी विचारणार होतो तुला."

"कधी? वाळल्यावर?"

तो खड्ड्यात, मी वर. नवऱ्याशी भांडताना पहिल्यांदाच मी त्याच्यापेक्षा उंच होते आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता. त्याने कपाळावरचा घाम पुसला, त्यामुळे कपाळाला माती लागली. "ट्रक कॅन्सल करू?" त्याने विचारलं. "तू सांग. आत्ता फोन करतो. खड्डा काय, तासाभरात बुजवतो."

मी भाजीच्या पिशव्या घेऊन आत गेले. घड्याळात साडेबारा वाजले होते.

रडले, हे लपवण्यात अर्थ नाही. मग तळघरात गेले. खोक्यांची भिंत बघितली. खालच्या ओळीतले खोके ओल लागून बसले होते, त्यांत टीव्ही सोडा, उशी भरता आली नसती. कपाटातला मिक्सर काढला. त्याच्या झाकणाचं रबर न वापरताच कडक झालं होतं. मला नवऱ्याचा भयंकर राग आला होता. आणि त्या रागाखाली दुसरं काहीतरी होतं, ते काय आहे हे कळायला मला तिथे जिन्याच्या पायरीवर बराच वेळ बसावं लागलं. मला सुटल्यासारखं वाटत होतं. पुढच्या वर्षी मुलीला साताऱ्याच्या शाळेत घालायचं, ह्या कल्पनेने मी दोन वर्षं नीट झोपले नव्हते. मला स्वतःलाही जायचं नव्हतं. पण तसं जो आधी बोलेल तो आईचा अपराधी ठरणार होता, आणि ते नाव मला माझ्यावर नको होतं. म्हणून मी त्याच्या बोलण्याची वाट बघत होते. बोलणं त्याला कधी जमलं नाही. त्याने खड्डा खणला आणि अपराध आपल्याकडे घेतला, म्हणजे मला जन्मभर त्याला बोल लावता यावा. ती सोय मी अजून मनापासून वापरते.

दीड वाजता मी ताम्हनात हळद, कुंकू, अक्षता, सुपारी घेतली, फ्रीजमधला नारळ घेतला आणि मागच्या अंगणात गेले. नवरा खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसला होता. फावडं बाजूला ठेवलं होतं. त्याने ताम्हन बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"पाया घालायचा तर भूमिपूजन नको?" मी म्हटलं. "इंजिनिअर आहेस ना? का हेही नकाशा बघूनच?"

'आहेस' म्हटलेलं त्याला बरोबर ऐकू आलं. तो उठला आणि पाय झटकून चप्पल शोधायला लागला. चप्पल सापडल्यावर त्याच्या लक्षात आलं की पूजेला ती काढायची असते.

आजोबांनी टोपी काढून हातात घेतली. मला मंत्र येत नव्हते. गणपतीचं जे काही पाठ होतं ते म्हटलं. नारळ फोडायला दगड मिळेना, तेव्हा आजोबांनी हातोडा पुढे केला. पाणी खड्ड्यात ओतलं, सुपारी टाकली. आजोबांनी हळूच विचारलं, हे रेडिओ चांगला चालावा म्हणून का? नवरा म्हणाला, नाही, जमिनीची परवानगी घेतोय. आजोबांनी मान डोलावली आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.

दोन वाजता ट्रक आला. करड्या रंगाचा तो लगदा घसरगुंडीवरून खड्ड्यात उतरला आणि दहा मिनिटांत खड्डा उरला नाही. नवऱ्याने वरचा भाग थापीने गुळगुळीत केला. इथे अशा ओल्या काँक्रीटवर तारीख किंवा नावं कोरायची पद्धत आहे, असं आजोबांनी सांगितलं आणि माझ्या हातात खिळा दिला. मी खाली बसले आणि मोठ्या अक्षरांत कोरलं, 'सध्यापुरतं'.

नवरा आधी हसला. मग तोंड फिरवून बराच वेळ थापी धूत राहिला. संध्याकाळी मुलगी बँडहून आली, अक्षरं लावत वाचली आणि म्हणाली, "व्हॉट डझ इट मीन?" आम्ही दोघांनीही तिला एकदम सांगितलं की जेवायला चल.

त्या डिसेंबरात मंडळातल्या एक मावशी पुण्याला जाणार होत्या. त्यांच्याबरोबर मी मिक्सर आईला पाठवला, नवं रबर घालून. सोबत चिठ्ठीत लिहिलं की तुला वाटायला त्रास होतो, म्हणून पाठवते आहे. दुसरं काही लिहिलं नाही. मिक्सर एकटाच परत गेला.

फेब्रुवारीत आईचं पत्र आलं. मी ते उभ्या उभ्या मागच्या दारात वाचलं. लिहिलं होतं, 'मिक्सर पोचला. चटणी छान बारीक होते, आवाज मात्र फार करतो. तुझी ट्रंक माळ्यावरून खाली काढून घेतली आहे. भांडी चिंचेने घासून, पुसून ठेवली आहेत. पुढच्या खेपेला येशील तेव्हा घेऊन जा. आता इथे ठेवून काय करायची?'

अंगणात बर्फ होतं आणि टॉवर सरळ उभा होता, एक इंचही हललेला नव्हता. आता सायकलचं हँडल नव्हतं, अँटेना फिरवायला मोटर होती. तळघराच्या खिडकीतून नवऱ्याने सवयीने मलाच विचारलं, "कुठे वळवू? आज ऑस्ट्रेलिया जबरदस्त येतोय."

"उत्तरेला," मी म्हटलं. "किंचित पूर्वेकडे."

"अगं, तिकडून काही येत नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. "तरी वळव."